नीर, क्षीर आणि प्रक्षेप

१

टेंभुर्णीहून पंढरपूरकडे जाताना वाटेत करकंब लागते. पंढरपूर तालुक्यातले हे मोठे गाव. इंग्रजी अमदानीतल्या सोलापूर गॅझेटियरमध्ये त्याची नोंद बाजाराचे गाव म्हणून झालेली आहे. भल्या पहाटे या रस्त्याने जावे, तर आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून मोटारसायकलीला कॅन लटकवून निघालेली माणसे भेटतात. दूध संकलन केंद्रापुढे रांग लागते. कॅन उघडला जातो, दूध ढवळले जाते, त्यातले घोटभर दूध एका लहानशा यंत्राच्या नळीखाली धरले जाते, आणि क्षणार्धात पडद्यावर आकडे उमटतात : फॅट इतके, एसएनएफ इतके. त्या आकड्यांवरून त्या दिवसाचा भाव ठरतो. आकडे उमटेपर्यंत रांगेतला माणूस काही बोलत नाही. त्याची नजर पडद्यावर खिळलेली असते.

हे दृश्य पाहताना आम्हांला आमच्या वर्गातला एक शब्द आठवला. समीक्षा शिकवताना 'नीरक्षीरविवेक' हा शब्द आम्ही किती सहजपणे वापरतो! पाणी मिसळलेल्या दुधातून हंस दूध तेवढे वेचून घेतो, हा संस्कृत काव्यातला जुना कविसमय. समीक्षकाने त्या हंसासारखे असावे, सार घ्यावे आणि असार टाकावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. या सुंदर कल्पनेच्या मुळाशी व्यवहारातली एक साधी अडचण आहे, हे मात्र कधी ध्यानात आले नव्हते. दुधात पाणी घातले जात होते, आणि ते डोळ्यांना ओळखता येत नव्हते. ज्या समाजाला दुधातले पाणी सहज ओळखता आले असते, त्याला असा पक्षी कल्पावा लागला नसता.

अन्नातली भेसळ आणि तिला आळा घालण्याचे प्रयत्न यांचा इतिहास, हा या लेखाचा विषय. आमचे क्षेत्र साहित्याचे. रसायनशास्त्रातला अधिकार आम्ही सांगत नाही. पण ग्रंथांच्या शुद्धाशुद्धतेचा विचार करणाऱ्यांनी अन्नाच्या शुद्धाशुद्धतेचा इतिहास वाचावा, म्हणजे दोन्हीकडे एकाच प्रश्नाशी झुंज चालली आहे हे दिसेल, असे आम्हांला वाटते.

२

प्रथम शब्दांकडे वळू. 'भेसळणे' म्हणजे मिसळणे. एवढाच त्या क्रियापदाचा निरुपद्रवी अर्थ. दोन धान्ये एकत्र झाली की भेसळ झाली. तिच्यात फसवणुकीचा हेतू शिरला तो विक्रीच्या व्यवहारातून. घरात मिसळीचे पीठ दळणारी बाई भेसळ करीत नाही. तेच पीठ निव्वळ गव्हाचे म्हणून विकणारा दुकानदार भेसळ करतो. म्हणजे भेसळ ही वस्तूत असते त्याहून अधिक ती वस्तूविषयी केलेल्या विधानात असते. हा भेद पुढे कायद्याला फार त्रास देणार होता.

धर्मशास्त्रकारांना मात्र तो पुरता ठाऊक होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात औषध, तेल-तूप, मीठ, सुगंधी द्रव्ये, धान्य, गूळ इत्यादी विक्रीच्या मालात हीन पदार्थ घालणाऱ्याला सोळा पणांचा दंड सांगितलेला आहे. या स्मृतीवरची सर्वांत मान्यता पावलेली टीका म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ती लिहिली गेली कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६-११२६) आश्रयाने. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापूरहून ते फार दूर नाही, आणि सोलापूरचा प्रदेश त्या चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. भेसळीला दंड सांगणारे शास्त्र या मातीला परके नव्हते, असे म्हणायला हरकत नाही. त्याही आधी कौटिल्याने 'कंटकशोधन' या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे हे सांगताना धान्य, स्नेह, क्षार, मीठ, गंध आणि औषध यांत त्याच रंगाचे दुसरे द्रव्य मिसळणाऱ्यास बारा पण दंड ठरवला होता. 'त्याच रंगाचे' ही अट लक्षात घेण्याजोगी आहे. भेसळ नेहमी डोळ्यांना चकवते, हे त्याने नेमके हेरले होते.

याज्ञवल्क्याने हीन वस्तू मालात 'टाकण्या'साठी जो धातू वापरला आहे तो 'प्र + क्षिप्'. आम्ही साहित्याचे अभ्यासक याच धातूपासून आलेला 'प्रक्षेप' हा शब्द रोज वापरतो : अमुक श्लोक प्रक्षिप्त आहे, तमुक अभंग प्रक्षिप्त असावा. दुसऱ्याच्या ग्रंथात मागाहून घातलेला मजकूर आणि गुळात घातलेली माती, यांना संस्कृतात एकच क्रियापद पुरते.

आमच्या परंपरेत ही सांगड आणखी एके ठिकाणी दिसते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते, पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. ते काम पुरे करून नाथांनी पुढच्यांना बजावले की या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. ग्रंथशुद्धीसाठी नाथांना उपमा सुचली ती ताटातल्या अन्नाची. नरोटी म्हणजे करवंटी. ती विषारी नसते. पण अमृताच्या ताटात तिचे काय काम? अपाय होवो न होवो, जे आहे म्हणून सांगितले ते तिथे असले पाहिजे, आणि जे नाही ते नसले पाहिजे. शुद्धतेची याहून नेटकी व्याख्या आधुनिक कायद्यालाही पुष्कळ उशिरा सापडली.

३

स्मृतीतला दंड आणि पेठेतला व्यवहार यांच्यामध्ये मोठे अंतर असते. प्रयोगशाळा नसलेल्या काळात गिऱ्हाईक कशावर विसंबत असे? मुख्यतः तीन गोष्टींवर : ओळख, माप आणि डोळा.

बाजाराच्या गावात शेटे-महाजन हे पेठेचे वतनदार असत. पुण्यासारख्या शहरात पेशवाईत वजनेमापे आणि भाव यांवर नजर ठेवणे हे कोतवालाचे काम होते. पण दंडापेक्षा ओळखीचा धाक मोठा असे. ज्या वाण्याकडून आजोबांनी मीठ घेतले त्याच्याच नातवाकडून नातवाने घ्यायचे, अशा गावात एकदा गेलेली पत सहजी परत येत नाही. मापाची गोष्टही तशीच. पायली शिगोशीग भरून दिली की सपाट, यावरून माणसाची पारख होई. 'मापात पाप' ही म्हण त्याच पारखीतून आली. अर्थात या ओळखीच्या व्यवहाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे उधारीची वही होती, त्याच्या मापाबद्दल तक्रार करण्याची कुळाची प्राज्ञा नसे. ओळख जशी वचक बसवते, तशी ती तोंडही बंद करते.

राहिला डोळा. डोळ्यांदेखत शुद्धतेची खात्री पटवण्याची एक रीत कोल्हापुरात आजवर नावाजलेली आहे, आणि तिचा करकंबच्या परिसराशी अगदी सरळ संबंध आहे. ही रीत ज्या जनावरामुळे शक्य झाली ते जनावर म्हणजे पंढरपुरी म्हैस. खांद्यापर्यंत आणि कधी त्याच्याही मागे गेलेली तलवारीसारखी लांब शिंगे, काटक बांधा, कोरड्या हवेत कडब्यावर निभावून नेण्याची ताकद; पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या दुष्काळी पट्ट्याने घडवलेली ही जात. तिचा एक गुण विशेष. दिवसातून अनेकदा, थोडे थोडे दूध ती देऊ शकते. कोल्हापूरच्या गवळ्यांनी हा गुण ओळखला. म्हशी गावात आणायच्या, गंगावेशीसारख्या ठिकाणच्या दूधकट्ट्यावर उभ्या करायच्या, आणि गिऱ्हाईक येईल तशी त्याच्यासमोर धार काढून द्यायची. तालमीतून आलेला पैलवान पेला पुढे करतो, फेसाळलेले धारोष्ण दूध तिथेच पितो आणि जातो. कास आणि पेला यांच्यामध्ये हातभराचे अंतर. त्या अंतरात पाणी घालायला जागा नाही.

भेसळ रोखण्याची याहून खात्रीची युक्ती मनुष्याला सापडली असेल असे वाटत नाही. पण तिलाही मर्यादा आहेत. डोळा भांडे पाहतो, गोठा पाहत नाही. कलकत्ता-मुंबईसारख्या शहरांतल्या तबेल्यांत 'फुका' नावाचा क्रूर प्रकार चालत असे; पान्हा सोडावा म्हणून जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकली जाई. त्या दुधात पाण्याचा थेंब नसे, आणि तरीही त्याला शुद्ध म्हणताना जीभ अडखळावी. त्या क्रौर्याविषयी कळल्यावर गांधीजींच्या मनात दुधाबद्दल घृणा उत्पन्न झाली, आणि १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने फुका आणि दूध वाढवण्यासाठीची इंजेक्शने यांना मनाई केली. दुसरी मर्यादा अधिक उघड आहे : प्रत्येक पेल्यासमोर म्हैस उभी करणे दोन-चार कट्ट्यांवर जमते, महानगराला पुरत नाही.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंतर वाढले. १८६० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी बार्शीला आली, आणि १९०६ मध्ये ती पंढरपूरपर्यंत गेली. कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरला जाणारा हा लोहमार्ग करकंबच्या जवळूनच जातो. वारकऱ्यांची सोय झाली, तसा मालही हलू लागला. आता पिकवणाऱ्याला खाणारा दिसेना आणि खाणाऱ्याला पिकवणारा. मधल्या हातांची संख्या वाढली, आणि मधला प्रत्येक हात हा नकलाकाराच्या हातासारखाच. तो इमानाने उतरवून घेईल किंवा आपले काहीतरी घालील.

हे सर्वत्रच घडत होते. इंग्लंडात १८२० मध्ये फ्रेडरिक अकुम या रसायनशास्त्रज्ञाने अन्नातल्या भेसळीवर ग्रंथ लिहून खळबळ उडवली. १८५० च्या दशकात आर्थर हसॉल याने सूक्ष्मदर्शक घेऊन लंडनच्या दुकानांतले पदार्थ तपासले आणि 'लॅन्सेट' या नियतकालिकाने ते निष्कर्ष छापले. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे मिठाईत स्वस्त भरताड म्हणून घालायच्या भुकटीऐवजी चुकून सोमल पडला आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. भेसळ ही नुसती लबाडी नसून ती जीव घेऊ शकते, हे तिथल्या समाजाला तेव्हा पटले; १८६० आणि १८७५ चे कायदे त्यातून आले.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत २७२ आणि २७३ ही कलमे होती. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण अट अशी, की भेसळीमुळे पदार्थ आरोग्याला अपायकारक झालेला असला पाहिजे. दुधात स्वच्छ पाणी घातले तर? पाणी काही विष नव्हे. नाथांची नरोटी या कलमात बसत नव्हती. (२०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे २७४ आणि २७५ म्हणून आली आहेत, दंडाची मर्यादा पाच हजार झाली, अपायाची अट राहिली.)

मुंबईच्या दुधाचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. १९१६ मध्ये मुंबई महापालिकेचे विश्लेषक डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी भारतीय शहरांतल्या दुधाच्या समस्येवर इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला. आमच्या मते आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या माणसाला चार ओळी तरी मिळायला हव्यात. रतिबाच्या दुधावर वाढणाऱ्या शहरातल्या मुलांच्या पोटात काय जाते, हा प्रश्न त्यांनी नीतीच्या उपदेशातून काढून नमुन्याच्या आणि पृथक्करणाच्या टेबलावर आणला. पुढे १९२५ मध्ये मुंबई इलाख्याचा स्वतंत्र भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. ओळखीची जागा आता परीक्षेने घेतली होती.

५

परीक्षेचा इतिहास हा या विषयातला सर्वांत उद्बोधक भाग आहे, म्हणून त्याकडे थोडे सविस्तर पाहू.

दुधाची पहिली लोकप्रिय परीक्षा लॅक्टोमीटरची. काचेची ती नळी दुधात किती बुडते यावरून दुधाचे विशिष्ट गुरुत्व कळते. गाईच्या शुद्ध दुधाचे ते साधारण १.०२८ ते १.०३२ असते. पाणी घातले की ते उतरते, नळी खोल बुडते, चोरी पकडली जाते. हंस अखेर हाती आला असे वाटले. पण साय दुधाहून हलकी असते, हे गवळ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. साय काढली की दुधाचे गुरुत्व वाढते. मग त्यात पाणी घातले की ते पुन्हा पूर्वपदावर येते. म्हणजे दोनदा चोरी केली की नळी साव ठरवते!

मग स्निग्धांश मोजणे आले. अमेरिकेत बॅबकॉक याने १८९० मध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये गर्बर याने १८९२ च्या सुमारास आम्लाने दूध विरघळवून, ते गरगर फिरवून, वर आलेली चरबी मोजण्याच्या रीती बसवल्या. आपल्या दूध संस्थांत पिढ्यान्‌पिढ्या चालली ती गर्बरची. या परीक्षेने चोर पकडला एवढेच तिचे महत्त्व नाही. तिने प्रामाणिक माणसाला न्याय दिला. दूध जोवर नुसत्या मापाने विकले जात होते, तोवर पाणी घालणारा आणि न घालणारा यांना एकच दर मिळे. किंबहुना घालणाऱ्याला जास्त पैसे मिळत. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात उभी राहिलेली आणि नंतर देशभर अनुकरण झालेली सहकारी दूध व्यवस्था टिकली, ती प्रत्येक उत्पादकाचे दूध त्याच्यासमोर तपासून त्याच्या गुणाप्रमाणे पैसे देण्याच्या शिस्तीवर. १९८० मध्ये पुरे झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने पंढरपूर-माढा भागात ऊस आणि वैरण आली, गोठ्यांत संकरित गाई आल्या, आणि दूध हा इथल्या कित्येक घरांचा रोजच्या रोकडीचा आधार झाला. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून भाव ठरतो, आणि पॉइंट घसरला की पैसे घसरतात. रांगेतल्या माणसाची नजर पडद्यावर का खिळते, ते यावरून कळावे. तो पडदा खरे बोलतो की नाही, हाही म्हणूनच त्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. दूध उत्पादकांच्या संघटनांनी मिल्कोमीटरची तपासणी व्हावी अशी मागणी वारंवार केली आहे. फसवणूक नेहमी खालून वर जाते असे नाही. ती वरून खालीही येते.

पण परीक्षा जशी न्याय देते तशी ती चोराला धडाही देते. फॅट मोजतात म्हटल्यावर स्वस्त तेल आले, आणि तेल-पाणी एकजीव व्हावे म्हणून धुण्याची भुकटी आली. एसएनएफ मोजतात म्हटल्यावर साखर, मीठ, युरिया आणि मठ्ठ्याची पावडर आली. प्रत्येक नवी परीक्षा म्हणजे कशाची नक्कल करायची याची नवी यादी. या न्यायाचे सर्वांत भयानक उदाहरण २००८ मध्ये चीनमध्ये घडले. दुधातली प्रथिने तिथे नायट्रोजन मोजून ठरवली जात. केल्डालची ती रीत १८८३ पासूनची, जगभर मान्य. मेलामाइन या रसायनात नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून पाणी घातलेल्या दुधात ते मिसळण्यात आले. आकडे बरोबर आले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या दुधाने ही मुले नेली, हे विसरता कामा नये.

एक युक्ती मात्र कौतुकाने सांगण्यासारखी आहे. १९३७ मध्ये भारतात डालडा आला, आणि तुपात वनस्पती तूप मिसळण्याचा धंदा बोकाळला. दोन्ही रंगारूपाने सारखे. कौटिल्याची 'समान रंगा'ची अट अक्षरशः पुरी करणारे. तेव्हा नियमच असा झाला की वनस्पती बनवणाऱ्याने त्यात पाच टक्के तीळतेल घातलेच पाहिजे. तीळतेलाचा गुण असा, की साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्याशी ते गुलाबी-लाल रंग देते. तुपाच्या नमुन्याला लाली चढली की वनस्पती मिसळल्याचा संशय पक्का. चोरीच्या मालातच साक्षीदार पेरून ठेवण्याचा हा प्रकार. आमच्या संतकवींनी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घातली, तिचा एक उपयोग हाच होता. पण तुकोबांची मुद्रा शेवटी लावून कोणीही अभंग रचावा आणि तो गाथेत शिरावा, हेही घडलेच. खूण ओळखीची झाली की तिचीही नक्कल होते. पिशवीवर छापलेल्या चिन्हांची आज तीच गत आहे.

६

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये संसदेने अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा केला आणि तो १ जून १९५५ पासून लागू झाला. या कायद्याने अपायाची जुनी अट ओलांडली. ठरलेल्या प्रमाणात न बसणारे दूध, अपायकारक असो वा नसो, भेसळीचेच. नाथांची नरोटी अखेर कायद्याच्या कक्षेत आली. १९७६ च्या दुरुस्तीने भेसळीमुळे मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. पण या व्यापकपणाची दुसरी बाजू अशी की उन्हाळ्यात, वैरण आटलेली असताना, ज्याच्या अर्धपोटी जनावराचे दूध मुळातच पातळ उतरले तो शेतकरी आणि ज्याने युरिया ओतला तो व्यापारी, दोघे एकाच शब्दाखाली येऊ लागले.

२००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने (अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून) हा घोळ बराच सोडवला. कमी दर्जाचे, खोट्या लेबलाचे आणि असुरक्षित अशी वर्गवारी झाली. पहिल्या दोहोंना मुख्यतः दंड, तिसऱ्याला कैद, आणि मृत्यू घडल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप. 'भेसळ' या शब्दाच्या जागी 'सुरक्षितता' हा शब्द शीर्षकात आला, हा केवळ नावाचा बदल नव्हता.

दोन पाहण्यांची तुलना केली की हे स्पष्ट होते. २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के नमुने प्रमाणात बसले नाहीत. देशातले दोन तृतीयांश दूध बनावट, अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात मोठा भाग पाण्याचा आणि कमी एसएनएफचा होता. २०१८ च्या पाहणीत १,१०३ गावा-शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. त्यांपैकी आरोग्याला घातक अशी भेसळ सापडली ती अवघ्या १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेहून अधिक आढळले. ते कोणी घातलेले नव्हते. ओलसर जागी साठवलेल्या पेंडीला, मक्याला बुरशी येते. ती जनावराच्या पोटात जाते आणि तिचे विष दुधात उतरते. सगळ्यांचे डोळे पाण्याच्या बादलीवर असताना धोका पेंडीच्या पोत्यातून आला होता.

याच सुमारास एक बातमी मोबाइलवरून फिरत होती : भारतातल्या दुधातली भेसळ थांबली नाही तर २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले आहे म्हणून. अशी सूचना त्या संघटनेने दिलेलीच नव्हती. भारत सरकारने तिचे खंडन केले. थोरांच्या नावावर खपवलेला हा शुद्ध प्रक्षेप. भेसळीविषयीच्या माहितीतच भेसळ व्हावी, आणि तिच्यापायी रांगेतल्या इमानी माणसाच्या दुधावरही संशयाचा शिंतोडा उडावा, यापरता विपर्यास कोणता?

७

आता आमच्या क्षेत्राकडे परत येतो. हंसाच्या कल्पनेत एक गोष्ट गृहीत आहे : मिश्रण समोर आल्यावर, केवळ त्या मिश्रणाकडे पाहून, सार-असार वेगळे करता येते. फार दिवस पंडितांनीही असेच मानले. अमुक श्लोक व्यासांना शोभत नाही, म्हणून तो प्रक्षिप्त. तमुक अभंग तुकोबांच्या तोंडी गोड वाटतो, म्हणून तो अस्सल. चवीवर दूध पारखण्याचाच हा प्रकार. पण चांगला नकलाकार नेमकी चवच साधतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, आणि पुढे विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शास्त्रशुद्ध वळण दिले. हे काम १९६६ मध्ये पुरे झाले, तेव्हा त्यामागे देशभरातून गोळा केलेल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा आधार होता. सुकथनकरांनी श्लोकाची चव घेण्याआधी त्याचा प्रवास विचारला. ही प्रत कुठल्या प्रांतातली, कोणत्या लिपीतली, कोणत्या प्रतीवरून उतरवलेली. हा श्लोक काश्मीरच्या परंपरेत आहे का, दक्षिणेच्या आहे का? शुद्धता शेवटच्या पानावर वाचता येत नाही. ती पाठपरंपरेत, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, राखली किंवा गमावली जाते.

अन्नाच्या इतिहासाने इतक्या वळणांनंतर आम्हांला हेच सांगितले. कोल्हापूरच्या कट्ट्यावर ही परंपरा हातभर लांबीची होती, म्हणून डोळा पुरला. शहराच्या चहाच्या कपापर्यंत ती शेकडो मैलांची झाली, म्हणून एकटा डोळा पुरत नाही, आणि एकटे यंत्रही पुरत नाही. पोत्यातली पेंड, गोठा, कॅन, संकलन केंद्र, शीतकरण, टँकर, पिशवी. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी 'हे माझ्या हाती असे आले आणि मी ते असे पुढे दिले' म्हणून नोंद ठेवली पाहिजे, आणि ती नोंद दोन्ही दिशांनी तपासता आली पाहिजे. शेतकऱ्याच्या कॅनमध्ये डोकावणाऱ्या व्यवस्थेने शेतकऱ्यालाही आपल्या मोजमापाच्या यंत्रात डोकावू दिले, तरच तिला परीक्षा घेण्याचा अधिकार पोचतो.

करकंबच्या त्या पहाटेकडे पुन्हा एकदा पाहू. रांगेत शेवटी एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात कॅन नव्हता, झाकण घट्ट लावलेली लहानशी पितळी चरवी होती. त्याची पाळी आली, यंत्राने आकडे दाखवले, मुलाने चिठ्ठी फाडून हाती दिली. म्हाताऱ्याने ती डोळ्यांजवळ धरून वाचली, आणि मग त्या मुलाला विचारले, "बाळा, हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?" मुलगा क्षणभर गोंधळला, आणि मग भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे त्याने बोट दाखवले. म्हातारा सावकाश चालत भिंतीपाशी गेला आणि कागदावरची तारीख वाचू लागला. मागची रांग थांबली होती. कोणी कुरकुर केली नाही.